गुण मोजून मागा

श्रोतेहो, सरकारी दप्तरासाठी संगणकप्रणाली मागविताना निविदेच्या मसुद्यात ‘प्रणाली वेगवान, सुरक्षित व सुलभ असावी’ असे कलम घालून सही करण्याची जी रीत पडली आहे, तिच्यावरच मी आज मिळालेला वेळ खर्च करणार आहे. कारण ‘कापूस चांगला असावा’ एवढ्याच बोलीवर गाडी खाली करून घेणारा खरेदीदार खामगावच्या बाजारात मला अद्याप भेटावयाचा आहे. सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, खरेदी केंद्रावर आर्द्रतामापक ढिगात खुपसतात; ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, तेथून १२ पर्यंत कपात, त्यापुढे माल परत. हुज्जतीला जागा उरत नाही.

नॉन-फंक्शनल, म्हणजे वेग, सुरक्षितता, सुलभता अशा गुणांविषयीच्या, गरजा लिहिण्याच्या पद्धती याच काट्यावर तोलून पाहा. आयएसओ २५०१० हे मानक गुणांची यादी देते, २०११ साली आठ, २०२३ च्या आवृत्तीत नऊ. काही विसरू नये म्हणून ती जवळ असावी, परंतु आकडा ती सांगत नाही. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या सॉफ्टवेअर अभियांत्रिकी संस्थेची प्रसंग-पद्धती अधिक बोलकी आहे: कोणी, काय केले, कोणत्या भागावर, कोणत्या परिस्थितीत, प्रणालीने काय करावे आणि ते कसे मोजावे. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीसारख्या, म्हणजे शेतकऱ्याने फोनवरून पिकाची नोंद करण्याच्या, कामासाठी असे लिहिता येईल: ‘संग्रामपूर तालुक्यातील रेंज नसलेल्या शेतात, मुदतीच्या अखेरच्या दिवशी, शेतकऱ्याने सोयाबीनचे छायाचित्र काढले, तर ते फोनमध्ये शाबूत राहावे आणि रेंज मिळताच अमुक मिनिटांत दाखल व्हावे.’

मला स्वतःला टॉम गिल्ब यांची प्लँग्वेज ही गरजा लिहिण्याची भाषा सर्वांत पसंत, कारण ती थेट कापूस-केंद्रावरची वाटते: एकक कोणते, मापक कोणता, इष्ट पातळी कोणती, आणि कोणत्या पातळीखाली माल परत. पुन्हा सांगतो, आकडा लिहा, आणि तो कोण, कशाने, केव्हा मोजणार तेही लिहा. उन्हाने वाळलेल्या वरच्या थरात मापक टोचला तर आतली ओल कळत नाही. रिकाम्या सर्व्हरवर घेतलेली चाचणी तशीच.

दर वेळी ओटीपी मागितला की सुरक्षितता वाढते नि सुलभता घटते, हा तंटा आलेखात मांडणारी चुंग, मायलोपोलस प्रभृतींची चौकटही आहे. पण तिची कैफियत मांडावी तर घड्याळ...

असो. मसुद्यावर बसलेल्या बंधुभगिनींनो, उद्या कचेरीत गेल्यावर ‘वेगवान’वर काट मारा आणि तेथे सेकंद लिहा; तेही अखेरच्या दिवशीच्या गर्दीत मोजलेले.