मंडालेचा राजा आणि मुंबईचा चाकरमानी



लोकसंख्या आणि स्थलांतर या विषयावरच्या परिषदेत स्वागत समितीच्या वतीने मी आपले मनःपूर्वक स्वागत करतो. मी भूगोलाचा अभ्यासक नाही, आंबा बागायतदार आहे. पण आपला विषय आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या नांदतो आहे. माझे वडील परळच्या गिरणीत होते. आई गावी राहिली. तिने भातशेती केली, गुरे सांभाळली, आम्हा भावंडांना शिकवले. वडील गणपतीला आणि शिमग्याला यायचे. एरवी यायची ती त्यांची मनीऑर्डर. फॉर्मच्या तळाशी दोन ओळी लिहायला जागा असे, त्या ओळी आई माझ्याकडून तीनतीनदा वाचून घ्यायची.

2011च्या जनगणनेत आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे 1122 स्त्रिया होत्या. आपण याला लिंगगुणोत्तर म्हणता. या आकड्यामागे माझ्या आईसारख्या हजारो बायका उभ्या आहेत, हे मला आज आवर्जून सांगायचे आहे. त्याच जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या 16,96,777 वरून 16,15,069 वर आली. दहा वर्षांत 81,708 माणसे कमी झाली. उद्या गावांत फिराल तेव्हा कुलूप लावलेली घरे दिसतील. त्यांच्याकडे पडकी घरे म्हणून पाहू नका. त्यांची कौले दर वर्षी पावसाळ्याआधी कोणीतरी चाळून घेते, कारण गणपतीला ती उघडायची असतात.

आता आमच्या गावाविषयी बोलतो. लोकमान्य टिळकांचा जन्म 1856 साली इथला. स्वातंत्र्यवीर सावरकर 1924 ते 1937 इथे स्थानबद्ध होते. पतितपावन मंदिर त्याच काळात, 1931 साली उभे राहिले. आमचे नगर वाचनालय 1828 सालचे. मुंबईत पहिली कापडगिरणी निघण्याच्याही आधीपासून या गावात वाचनालय आहे, आणि याचा मला आमच्या बंदराइतकाच अभिमान आहे. लहानपणी मुंबईचे पहिले दर्शन मला या वाचनालयातल्या वर्तमानपत्रांतून घडले.

पण आज आपल्यासमोर आठवण काढायची ती थिबा राजाची. परिषदेच्या तयारीत आमच्या प्राध्यापक मंडळींनी मला सांगितले की, रॅव्हेन्स्टाईन नावाच्या अभ्यासकाने स्थलांतराचे नियम 1885 साली लंडनमध्ये मांडले. मी चमकलो. त्याच 1885च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी ब्रह्मदेशाच्या या राजाला मंडालेहून पदच्युत करून नेले. आधी मद्रास, मग 1886च्या एप्रिलमध्ये रत्नागिरी. तो पुन्हा मायदेशी गेला नाही. त्याच्यासाठी बांधलेला राजवाडा 1910 साली पुरा झाला, आणि 1916च्या डिसेंबरात राजाने इथेच देह ठेवला. त्याची समाधी याच शहरात आहे. 2012 साली म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन तिच्या दर्शनाला आले होते.

रॅव्हेन्स्टाईनचा एक नियम मला फार भावला: प्रत्येक प्रवाहाला उलटा प्रवाह असतो. मंडालेचा राजा रत्नागिरीत, आणि त्याच वेळी, 1908 ते 1914, रत्नागिरीत जन्मलेले टिळक मंडालेच्या तुरुंगात! गीतारहस्य तिथे लिहिले गेले. अभ्यासकांच्या व्याख्येत हा प्रवाह बसतो की नाही, ते आपण ठरवा. सक्तीने नेलेली माणसेही आपल्या चर्चेत यावीत, एवढीच माझी विनंती.

आणि राजापेक्षाही मला जवळची वाटते ती त्याची नात, टुटू. थिबाच्या थोरल्या मुलीची आणि राजवाड्याच्या रखवालदाराची ही मुलगी. ती रत्नागिरीत वाढली, इथेच लग्न करून राहिली, शेणी थापून विकून तिने पोट भरले. ब्रह्मी राजघराण्याचे रक्त, आणि तोंडी आमच्यासारखीच मराठी. 2000 साली ती वारली. सात्मीकरण हा शब्द आपल्या पुस्तकांत आहे. तो शिकवताना तिचे नाव घ्यावे, असे मला फार वाटते. तिच्या नावाचा एखादा फलकही आम्ही रत्नागिरीकर अजून लावू शकलो नाही, हे मी खेदाने कबूल करतो.

आज उलटा प्रवाह आमच्या बागांतही आला आहे. राखणीला आणि बोटींवर खलाशी म्हणून नेपाळची माणसे येतात. माझ्या बागेतल्या रखवालदाराची मुलगी मराठी शाळेत जाते आणि त्याला आलेले फोन तीच मराठीतून घेते.

व्यवस्थेत उणिवा राहिल्या आहेत, त्यांची क्षमा मागतो. महामार्गाच्या कामामुळे अनेकांना रात्री उशीर झाला. दोन बसगाड्यांतील मंडळींना गरम जेवण मिळाले नाही, याची मला रात्रभर टोचणी होती. काहींना एका खोलीत चौघे राहावे लागले. महिला प्रतिनिधींच्या निवासात सकाळी पाणी कमी आले; टँकर आता पोहोचला आहे. कृपया उणिवा आम्हाला लगेच सांगा, गावी गेल्यावर सांगू नका.

देणगीदारांची नावे मी घेत नाही, त्यांनीच तसे बजावले आहे. तरी ऋण मानले पाहिजे. मिरकरवाड्यातल्या मच्छीमार बांधवांनी आजची मासळी दिली. बागायतदारांनी तांदूळ, नारळ आणि कोकमे पाठवली. मंडपवाल्यांनी भाडे घेतले नाही, रिक्षावाल्यांनी स्टेशनच्या फेऱ्या निम्म्या दरात केल्या, शाळेतल्या मुलांनी बाके उचलली. आणि सर्वांत मोठी रक्कम आली ती मुंबईतल्या आमच्या गावकरी मंडळांकडून. दादर, लालबाग, डोंबिवली, विरार इथल्या चाकरमान्यांनी पाचशे-पाचशे रुपये गोळा केले. पैसे अजून गावाकडे येतात. तुम्ही त्याला काय म्हणता ते आज मी शिकेन. आमच्याकडे त्याला घर चालवणे म्हणतात.

दुपारचे जेवण साडेबाराला मागच्या अंगणात आहे, शाकाहारी पंगत उजवीकडे. साडेचारला दोन गाड्या थिबा राजवाड्याकडे निघतील, तिथून समाधीला जाऊ. ज्यांना चालायला त्रास होतो त्यांनी माझ्याजवळ नाव द्यावे, माझी जीप त्यांच्यासाठी उभी आहे.