अभिषिक्त परका राजा

कोल्हापूरच्या शिलाहार राजांचे ताम्रपट आणि शिलालेख वाचताना एक बिरुद हमखास भेटतं, 'श्रीमन्महालक्ष्मीलब्धवरप्रसाद'. महालक्ष्मीचा वरप्रसाद लाभलेला राजा. राज्य तलवारीनं मिळालं खरं, पण ते दिलं आपल्या अंबाबाईनं, असा हा दावा. पुढे याच घराण्यातल्या दुसऱ्या भोजाकडून यादवांच्या सिंघणानं १२१२च्या सुमारास पन्हाळा जिंकून घेतला आणि शिलाहारांचं राज्य संपलं. मग देवीनं दिलेला वर परत घेतला का? ताम्रपट लिहिणाऱ्यांवर या प्रश्नाचं उत्तर द्यायची वेळच आली नाही. हरलेल्या राजाचा ताम्रपट कोण लिहितो!

हाच दावा त्याच्याही सतराशे वर्षं आधी इराणच्या एका कड्यावर कोरलेला आहे. बेहिस्तूनच्या त्या लेखात सम्राट दारयावेश, म्हणजे इंग्रजी पुस्तकांतला डरायस, तीन भाषांत पुन्हा पुन्हा सांगतो की आपण राजा झालो ते अहुरमज्दाच्या कृपेनं. इ.स.पू. ५२२मध्ये त्यानं गादी घेतली ती आधीच्या राजाला तोतया ठरवून आणि ठार करून. त्यानंतर साम्राज्यात ठिकठिकाणी बंडं झाली. हक्क जितका वादाचा, तितका देवाचा हवाला मोठा.

त्याच्या काही वर्षं आधीचा सम्राट कुरुश, मराठी बायबलमधला कोरेश. त्यानं इ.स.पू. ५३९मध्ये बाबेल घेतलं. त्या विजयाची हकिगत सांगणारा मातीचा एक दंडगोल १८७९मध्ये बाबेलच्या अवशेषांत सापडला. तो आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यावरचा मजकूर म्हणतो की बाबेलचा देव मर्दूक न्यायी राजाच्या शोधात होता, त्यानं कोरेशाचा हात धरला आणि त्याला नावानं हाक मारली. आता बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा पंचेचाळिसावा अध्याय काढावा. तिथेही देव कोरेशाचा उजवा हात धरतो आणि त्याला नावानं बोलावतो. फक्त हा देव मर्दूक नाही, यहुद्यांचा परमेश्वर आहे. राजा एकच, विजय एकच, आणि श्रेयाला दावेदार दोन देव.

फरक आहे तो दावा करणाऱ्यात. दंडगोल जिंकणाऱ्याच्या दरबारातून निघाला, आणि त्यात यहुद्यांचं किंवा यरुशलेमचं नावही नाही. यशयातले ते अध्याय मात्र, बहुतेक अभ्यासकांच्या मते, बाबेलात बंदिवास भोगणाऱ्या यहुद्यांमधून आले. यरुशलेमचं मंदिर जळालेलं, राजघराणं संपलेलं, पदरी फौज नाही. अशा लोकांनी जगातल्या सर्वांत बलाढ्य राजाला आपल्या देवाचा 'अभिषिक्त' म्हटलं. आणि पुढे स्पष्ट बजावलं की या कोरेशाला परमेश्वर ठाऊकही नाही. आपण कुणाच्या कामी आलो हे ज्याला कळत नाही, असा तो हात. सत्तेपुढे लोटांगण घालणाऱ्यांची ही भाषा वाटत नाही. यात राजाची स्तुती थोडी आणि त्याला जागा दाखवणं जास्त आहे.

नीतिसूत्रांच्या पुस्तकात यासाठी दिलेला दाखला पंचगंगेकाठच्या ऊसकऱ्याला फोडून सांगावा लागणार नाही: राजाचं मन परमेश्वराच्या हाती पाटाच्या पाण्यासारखं, वळवील तिकडे वळतं.

एज्राच्या पुस्तकात मात्र हे पाणी दप्तरातून वाहतं. कोरेशानं ते मंदिर पुन्हा बांधायची परवानगी दिली आणि बाबेलनं तिथून लुटून आणलेली सोन्यारुप्याची ५,४०० पात्रं परत केली. पुढे शेजाऱ्यांनी तक्रारी केल्या, काम अडलं. दारयावेशाच्या काळात अधिकाऱ्यांनी विचारलं, परवानगीचा कागद कुठे आहे? शोधाशोध झाली आणि तो बाबेलात नव्हे, अखमथा या दूरच्या नगरात सापडला. सरकारी कचेरीत जुनी नोंद शोधत फिरलेल्या कुणालाही हा प्रसंग दैवी चमत्कारच वाटेल. दारयावेशाच्या सहाव्या वर्षी मंदिर पुरं झालं. खर्च सरकारी महसुलातून, आणि बदल्यात एक अपेक्षा: तिथे राजा आणि राजपुत्रांसाठी प्रार्थना व्हावी. इतिहासकार याला इराणी राजनीती म्हणतात आणि एज्रा देवाची करणी म्हणतो. दोघांच्या समोरचा कागद एकच आहे.

एस्तेरच्या पुस्तकात तर देवाचं नावच नाही. हिंदुस्तानापासून कूशापर्यंत १२७ प्रांतांवर राज्य करणारा अहश्वेरोश एका रात्री झोप येत नाही म्हणून दरबारची बखर वाचून घेतो, आणि त्यातून यहुद्यांच्या कत्तलीचा बेत उलटायला सुरुवात होते. कोकणातल्या बेने इस्राएल या यहुदी समाजात त्या सुटकेचा पुरीम हा सण 'होळीचा सण' म्हणून ओळखला जाई, कारण दोन्ही एकाच सुमारास येतात.

मराठी राजनीतीतही हा विचार आहे, आणि तो करवीर म्हणजे कोल्हापूरच्या राज्यातच लिहिला गेला. रामचंद्रपंत अमात्यांची १७१५ची 'आज्ञापत्र' ही रचना राज्य ईश्वरी कृपेचं मानते, पण ती कृपा प्रजेच्या पालनासाठी आहे हेही त्यासोबत सांगते. कृपा म्हणजे जबाबदारी. शिलाहारांच्या बिरुदापेक्षा हा विचार कितीतरी प्रौढ आहे.

बायबल इराणी राजांना हाच हिशेब विचारतं. नहेम्या हा अर्तहशश्त राजाचा प्यालेबरदार, त्याच्याच परवानगीनं यरुशलेमचा तट बांधायला आलेला. पण त्याच्याच पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात लोक गाऱ्हाणं मांडतात की राजाचा कर भरायला शेतं आणि द्राक्षमळे अडकवून कर्ज काढावं लागलं. नवव्यात तर प्रार्थनेतच तक्रार आहे: पूर्वजांना दिलेल्या याच भूमीत आम्ही दास आहोत आणि तिचं उत्पन्न परक्या राजांच्या घरी जातं. देवानं राजाला वापरलं म्हणून राजा चांगला ठरला, असं हे ग्रंथ कुठेच म्हणत नाहीत. एस्तेरचं शेवटचं प्रकरण अवघ्या तीन वचनांचं आहे, आणि त्यातलं पहिलंच वचन अहश्वेरोशानं देशावर व समुद्रातल्या बेटांवर कर बसवल्याची नोंद करतं.