घशात काटा रुतला तर

आपला पेण-रोह्याचा मुलूख खाडीकाठचा. इकडे धरमतरची खाडी, तिकडे कुंडलिका. पाहुणा आला की जिताडा हवा. कालवणावाचून आपल्याला घास उतरत नाही. पण मासा म्हटला की काटा आलाच. मांदेलीचा काटा मऊ. तो चावून जातो. पाल्याचे काटे मात्र बारीक आणि पुष्कळ. बोलण्याच्या नादात एखादा घशात रुततो.

मग घरातली आजी म्हणते, "कोरड्या भाताचा गोळा गीळ. काटा जाईल खाली." कोणी केळं देतो, कोणी भाकरीचा मोठा घास. बरं का मंडळी, हे करू नका.

का? पायात बाभळीचा काटा मोडला, तर आपण तो पाय जमिनीवर आपटतो काय? आपटला तर काटा आणखी आत जाईल. भाताचा गोळा तेच करतो. काटा वर घशात असला, तर डॉक्टर तो चिमट्याने काढतात. तोच खाली अन्ननळीत गेला, तर काढणे अवघड. अन्ननळीला भोक पडले, तर छातीत पू होतो. माणूस जिवाला मुकू शकतो.

मग करावे काय? जेवण थांबवा. हळूच खोकून पाहा. पाण्याचे एक-दोन घोट घ्या. सैल काटा तेवढ्याने सुटतो. घशात बोट घालू नका. लिंबाने किंवा कोकमाच्या आगळाने काटा विरघळत नाही.

तरीही गिळताना टोचत राहिले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. पेणला आणि रोह्याला उपजिल्हा रुग्णालय आहे. अलिबागला जिल्हा रुग्णालय आहे. जाताना काही खाऊ नका. भूल द्यायची झाली, तर पोट रिकामे लागते. थुंकी गिळता येईना, रक्त पडले, छातीत दुखले, मान सुजली किंवा ताप आला, तर रात्र असली तरी निघा.

श्वासच कोंडला, बोलता येईना, तर क्षणही दवडू नका. माणसाला पुढे वाकवा. पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या मधोमध, तळहाताने जोराने पाच वेळा मारा. दुसऱ्याने १०८ ला फोन करावा.

"एवढ्याशा काट्यासाठी डॉक्टर कशाला?" असे कोणी म्हणेल. त्याला इंग्लंडच्या राणी एलिझाबेथ यांच्या आईची गोष्ट सांगा. १९८२ साली त्यांच्या घशात माशाचा काटा अडकला. तेव्हा त्यांचे वय ८२. त्यांना लंडनच्या रुग्णालयात नेले. डॉक्टरांनी भूल देऊन काटा काढला. पुढे त्या १०१ वर्षांच्या होईपर्यंत जगल्या.

मासा सावकाश खा. पोरांच्या ताटात काटे काढून वाढा. आणि आता तुम्हांला वाचता येते. तेव्हा आज घरी गेल्यावर हा पाठ आजीला वाचून दाखवा. तिचा शब्द घरात चालतो. तिला पटले, की भाताचा गोळा बंद झालाच म्हणून समजा.