उदबत्तीचा धूर कोठे जातो?

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



चिटणीसबाईंनी मला "परदेशात काय पाहिलेत ते सांगा" अशी गळ घातली, तेव्हा त्यांच्या मनात नायगाराचा धबधबा असणार. धबधबा मी पाहिला. तो फार मोठा आहे आणि जवळ जाणाऱ्याला फार भिजवतो. त्याचे फोटो चहाच्या वेळी दाखवीन. पण मी अधिक मन लावून पाहिली ती वस्तू लेकीच्या घराच्या तळघरात होती, आणि आज तिच्याविषयीच बोलायचे मी ठरवले आहे. कंटाळा आला तर मागच्या रांगेतल्यांनी खुशाल विणकाम काढावे.

माझी लेक राहते ते लंडन इंग्लंडातले नव्हे, कॅनडातले, ओंटारिओ प्रांतातले. तेथेही थेम्स नावाची नदी आहे. माणूस परमुलखात गेला तरी गावची नावे बरोबर नेतो. आम्ही उभयता ऑक्टोबरच्या अखेरीस पोहोचलो तो मार्चअखेर तेथे होतो. जानेवारीत पारा शून्याखाली वीस अंशांपर्यंत उतरतो, तेव्हा घर तापवणे ही तेथे चैन नाही. तळघरात गॅसची भट्टी असते. तिला फर्नेस म्हणतात. ती हवा तापवते आणि पंखा ती हवा पत्र्याच्या नळांतून खोल्याखोल्यांत पोहोचवतो.

या फर्नेसमध्ये एक पत्र्याची कोठी असते. कोठीच्या आत ज्योत आणि तिचा धूर, कोठीच्या बाहेर घराची हवा. उष्णता तेवढी पत्र्यातून बाहेर यायची, पण या दोन हवांनी एकमेकींना शिवायचे नाही. आपल्या आजीचे सोवळे-ओवळेच म्हणा ना! नोव्हेंबरात वार्षिक तपासणीला आलेल्या कारागिराला लेकीच्या जुन्या फर्नेसच्या कोठीला चीर दिसली. त्याने तेथल्या तेथे गॅस बंद केला आणि फर्नेसला तांबडी चिठ्ठी बांधली. थंडीत शेगडी विझवून जाणाऱ्या माणसाचा मला रागच आला. आज तो मला देवमाणूस वाटतो.

नवी फर्नेस बसवायला दोन दिवस लागले. ओंटारिओत हे काम परवाना असलेल्या गॅस कारागिरानेच करावे लागते, घरमालकाने हौसेने हातोडा उचललेला चालत नाही. मी जिन्याच्या पायरीवर बसून सगळे पाहिले. नातीला घेऊन बसले म्हणजे कोणी उठवत नाही. जुन्या फर्नेसचा धूर कढत असे आणि विटांच्या धुराड्यातून वर जाई. शंभर रुपयांच्या गॅसातले तीस-चाळीस रुपये त्या धुराबरोबरच जात म्हणा. नवीन फर्नेस धुरातली उष्णता इतकी शोषून घेते की जेमतेम चार-पाच रुपये वाया जातात. धूर एवढा निवतो की त्याला प्लास्टिकचा नळ पुरतो. पण निवलेला धूर स्वतःच्या बळावर वर चढत नाही, म्हणून त्याला पंख्याने ढकलून भिंतीतून बाहेर काढतात. शिवाय निवताना त्याचे पाणी होते, आणि ते पाणी आंबट, म्हणजे आम्ल असते. ते नळात साचू नये म्हणून नळाला दर फुटाला पाव इंच असा उतार देतात, आणि तो फर्नेसकडे. तेथून ते पाणी मोरीत जाते. उतार चुकला तर पाणी साचते, थंडीत गोठते आणि वाट बंद. नळही नळकामवाल्याचा साधा नव्हे. त्यावर धुरासाठी मान्य असल्याचा छाप असतो, आणि गोंद व सांधे त्याच कंपनीचे लागतात. दुसरा नळ बाहेरची हवा ज्योतीकडे आणतो. दोन्हींची तोंडे खिडक्यांपासून दूर आणि पडणाऱ्या बर्फाच्या थरापेक्षा निदान फूटभर वर ठेवतात. बर्फ पडला की आमच्या "ह्यां"नी फावडे घेऊन त्या तोंडांना प्रदक्षिणा घालायची, असा नेमच होऊन गेला. शेवटी गॅसच्या प्रत्येक सांध्यावर साबणाचा फेस लावून बुडबुडा येतो का ते पाहिले. ही परीक्षा आपल्या सिलिंडरलाही लागू आहे, बरे का.

नवीन फर्नेसचे काम चोख झाले. चूक झाली ती शेजारच्या वस्तूत, आणि तिच्याकडे कोणी पाहिलेच नाही.

फर्नेसच्या शेजारी अंघोळीच्या पाण्याची टाकी होती. खाली गॅसची ज्योत, मध्ये धुराचा उभा नळ, भोवती पाणी. पाहताच मी म्हटले, "अगं, हा तर आपला बंब!" मिरजेला आमच्या वाड्यात तांब्याचा बंब होता, त्याचीच ही थोरली, पांढरी रंगवलेली बहीण. इतकी वर्षे फर्नेस आणि हा बंब एकाच धुराड्यात धूर सोडत. धुराडे रुंद होते, पण फर्नेसच्या कढत धुराने तापलेले राही आणि ओढ धरी. फर्नेसने भिंतीतून वेगळी वाट काढली, आणि बिचारा बंब त्या प्रचंड गार धुराड्याखाली एकटा उरला. त्याच्या चिमूटभर धुराने ते तापेना. तेथले कारागीर अशा बंबाला "पोरका" म्हणतात, हे मला पुढे कळले. धुराड्याच्या आत मापाचा, अरुंद धातूचा नळ घालायचा किंवा बंबच बदलायचा, हा त्यावरचा उपाय. ज्या कंत्राटदाराने फर्नेस बसवली त्याने त्याचा उच्चारही केला नाही.

डिसेंबरात माझे डोके दुखू लागले. सकाळी उठावे तो जड. प्रवासाचा शीण, थंडी, वय, अशी कारणे काय कमी असतात? लेकीला मळमळे, ते तिने कामाच्या ताणावर घातले. दीड वर्षाची नात किरकिरी झाली, ते दातांवर घातले. फिरायला बाहेर पडलो की सगळ्यांना बरे वाटे, ते मोकळ्या हवेवर घातले. त्यातले एवढेच खरे होते.

आता माझा अपराध सांगते. तेथे छताला धूर ओळखणारे यंत्र असते. मोहरी तडतडली की ते ठणाणा करते. परदेशी मुले असलेल्या भगिनींना हे ठाऊक असेल. संक्रांतीच्या आदल्या दिवशी गुळपोळ्या करायच्या होत्या. छताच्या यंत्रापर्यंत माझा हात पोहोचेना. पण निजायच्या खोलीबाहेर भिंतीच्या प्लगात तसलेच एक पांढरे डबडे होते. हे त्याचेच भावंड, निदान हे तरी ओरडायला नको, म्हणून मी ते उपटून शालींच्या खणात टाकले. लेकीला सांगितले नाही.

पाच वाजल्यापासून पोळ्या चालल्या. तिळाचा वास कोटांना लागू नये म्हणून चुलीवरचा पंखा पूर्ण वेगात सोडला होता. खाली कपडे वाळवण्याचे यंत्र चालू होते, आणि तेही घरातलीच हवा बाहेर फेकते. घर नवीन खिडक्यांनी डबीसारखे बंद. आता हवा बाहेर जाते तेवढी आत यायलाच हवी. ती कोठून येणार? जी वाट उघडी सापडली तिने, म्हणजे धुराड्यातून, उलटी. बंबाचा धूर खाली रेटला गेला, पुन्हा ज्योतीशीच आला, ज्योतीला प्राणवायू पुरेना आणि जळण अर्धेमुर्धे होऊ लागले. अर्धवट जळणातून निघतो तो कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातला जो पदार्थ प्राणवायू वाहून नेतो त्याला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. माणूस श्वास घेत राहतो आणि आतून गुदमरतो.

साडेनऊला शालींच्या खणातून किंकाळी आली. त्या डबड्याला आतून बॅटरीही होती! मला वाटले कोणाचा मोबाइल. लेक मात्र पांढरीफटक पडली. "आई, हे इथे कोणी ठेवले?" एवढेच म्हणाली आणि नातीच्या खोलीत धावली. पोर त्या दिवशी जेवणाआधीच झोपली होती. हाक मारली तरी डोळे उघडीना. जावयांनी तिला पांघरुणासकट उचलले, आणि आम्ही सगळे घरातल्या चपलांनिशी बर्फातून शेजारच्या म्हाताऱ्या बाईंकडे गेलो. गार वाऱ्याने पोर रडू लागली. तिचे रडणे मला इतके गोड कधीच वाटले नव्हते.

आगीचा बंब आला. बंबासाठी बंब, असा विनोद आमच्या "ह्यां"नी दोन महिन्यांनी केला, त्या रात्री कोणाला सुचला नाही. जवानांनी मापयंत्र घेऊन घर पाहिले, गॅस बंद केला, दारे-खिडक्या उघडल्या. नातीला इस्पितळात काही तास प्राणवायू दिला. पहाटे डॉक्टर म्हणाले, घरी न्यायला हरकत नाही. गुळपोळ्या तशाच राहिल्या.

ते डबडे हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे सत्तर भाग तास ते चार तास राहिले की ओरडते, आणि चारशे भाग झाले तर चार ते पंधरा मिनिटांत. म्हणजे डोकेदुखीपुरता थोडा थोडा वायू असला तर ते गप्पच राहते. डिसेंबरभर ते गप्प होते ते यामुळे असावे. लंडनहून तासाभराच्या आत वुडस्टॉक नावाचे गाव आहे. तेथे डिसेंबर २००८ मध्ये एक पोलीस अधिकारी बाई, तिचा नवरा आणि दोन मुले अशी चौघे गेली. गॅसच्या शेकोटीची धुराची वाट तुंबली होती आणि घरात हे डबडे नव्हते. तिच्या नात्यातले अग्निशमन दलातले एक गृहस्थ त्यानंतर गावोगाव हिंडले, आणि २०१३ मध्ये ओंटारिओत त्या कुटुंबाच्या नावाचा कायदा झाला. गॅस वा इतर जळण वापरणाऱ्या घरात निजायच्या खोल्यांजवळ हे यंत्र हवेच. जे यंत्र चार माणसे गेल्यावर घरोघर आले, ते मी पोळ्यांसाठी खणात टाकले होते.

दुसऱ्या दिवशी दुसरा कारागीर आला. बंबाच्या माथ्यावर धुराचा नळ सुरू होतो तेथे एक उघडी टोपी असते. तो म्हणाला, येथे धूर धरून पाहायचा आहे. लेकीने देव्हाऱ्यातली उदबत्ती पेटवून दिली. आधी घरातले पंखे बंद ठेवून बंब पेटवला. धूर टोपीपाशी घुटमळला, मग कसाबसा आत गेला. मग त्याने वरचा पंखा आणि कपड्यांचे यंत्र चालू करायला लावले. उदबत्तीचा धूर सरळ आमच्या तोंडावर आला. तो कारागीर काही बोलला नाही, नुसते माझ्याकडे पाहिले. बंब त्याच दिवशी काढला. आता तेथे पंख्याने भिंतीबाहेर धूर सोडणारा नवीन बंब आहे.

यात आपला काय संबंध, असे कोणी म्हणेल. आपल्याकडे फर्नेस नाही. पण माझ्या मिरजेच्या आजीला हे सगळे ठाऊक होते. बाळंतिणीच्या खोलीत ती शेगडी बाहेर पूर्ण रसरशीत झाल्यावरच आणी, आणि कितीही गारठा असो, खिडकीची एक फळी उघडी ठेवी. बंब तर न्हाणीघराबाहेर, पडवीत. आपण मात्र बंब मोडीत घातला आणि गॅसचा गीझर न्हाणीघराच्या आत, डोक्याजवळ, टांगला! त्याची ज्योत स्वयंपाकघरातल्या चार-पाच बर्नरांइतकी, खोली कपाटाएवढी, दार लावलेले, वाफ जाऊ नये म्हणून झरोक्यात थर्मोकोल, आणि बहुतेक गीझरांना धुराचा नळच नाही. न्हाताना माणूस पडला की आपण म्हणतो फिट आली, पाय घसरला. आपल्याकडच्या मेंदूच्या डॉक्टरांनी असे रोगी इतके पाहिले की त्याला "गॅस गीझर सिंड्रोम" हे नावच पडले आहे. गॅसचा वास तर आला नव्हता, असे घरचे सांगतात. वास येतो तो न जळलेल्या गॅसचा, कारण तो मुद्दाम मिसळलेला असतो. जळून निघालेल्या या वायूला तो नसतो.

परत आल्यावर आठ दिवसांत मी आमचा गीझर बाहेरच्या गॅलरीत हलवला. आत फक्त गरम पाण्याचा नळ येतो. खर्च नळवाल्याच्या दोन दिवसांच्या मजुरीचा आणि थोड्या नळाचा. "ह्यां"चे म्हणणे होते की पंखा बसवला की झाले. पण पंखा लावायचे विसरायला एकच सकाळ पुरते, आणि दाराला फट नसली तर पंखा हवा ओढणार कोठून? ज्यांना लगेच हलवणे जमत नाही त्यांनी पाणी बादलीत आधी भरून घ्यावे, गीझर बंद करावा, दार दहा मिनिटे उघडे ठेवावे आणि मगच न्हायला जावे. कडी आतून घालू नये. लाज वाटत असेल तर बाहेर कोणाला बसवावे. ते डबडेही आपल्याकडे विकत मिळते. त्याचे आयुष्य सात ते दहा वर्षांचे असते, मागे तारीख छापलेली असते, ती पाहून घ्यावी. माझे आमच्या निजायच्या खोलीबाहेर आहे, आणि फोडणीने ते ओरडत नाही, हे मी मुद्दाम हिंगाची फोडणी करून पाहिले.

पुढच्या शनिवारी दुपारी मी मोकळी आहे. ज्यांच्या न्हाणीघरात गॅसचा गीझर आहे त्यांनी आपले नाव चिटणीसबाईंकडे द्यावे. आमचे नळवाले बरोबर येतील. उदबत्ती मी आणीन.