जबड्याचे दुखणे
(जिते येथील वार्षिक मेळाव्यातील भाषण)



कानापुढील सांधा दुखत असता आम्ही दोष दातास दिला व एक निरोगी दाढ गमावून बसलो. ती चूक आपण करू नये. चावताना कानापुढे कळ येणे, तोंडात स्वतःची तीन बोटे उभी न मावणे, ही जबड्याच्या सांध्याच्या विकाराची लक्षणे होत. वेदनारहित नुसत्या आवाजास भिऊ नये. मऊ अन्न घ्यावे, ऊन शेक द्यावा आणि जिभेचे टोक टाळूस टेकवून सावकाश तोंड उघडण्याचा व्यायाम भौतिकोपचारतज्ज्ञाकडून शिकावा. बहुतेकांस शस्त्रक्रिया लागत नाही.

परंतु सुपारी-गुटखा खाणाऱ्याचे तोंड आखडू लागले, तर गालाचे अस्तर ताठरले असेल. त्यातून कर्करोगही उद्भवू शकतो. जित्याहून पेण दूर नाही. डॉक्टरांस वेळीच दाखवावे. गुटख्यास महाराष्ट्रात २०१२ साली बंदी झाली. सुपारीची बंदी ज्याची त्यानेच करावयाची आहे.