रिकामी पिकअप आणि ओला रस्ता



रेडिओ केंद्राने मला विषय दिला आहे तो असा: पावसाळ्यात पिकअपची मागची चाकं घसरू नयेत म्हणून काय करावं. आपल्या जुन्नर-आंबेगावात ज्याच्या दारात पिकअप नाही, त्याच्या शेजाऱ्याच्या दारात ती असतेच. नारायणगावचा टोमॅटो, ओतूर-आळेफाट्याचा कांदा, मंचरची तरकारी, सगळं पिकअपवरच जातं. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकच्या मुलांना मी हेच शिकवत आलो, त्यामुळे एखादी गोष्ट दोनदा सांगितली तर चालवून घ्या. वर्गातली सवय आहे.

पहिली गोष्ट. मागच्या चाकांपुरतं बोलायचं, तर पावसात भरलेली गाडी फारशी घसरत नाही. घसरते ती रिकामी. भरलेली गाडी थांबवायला जड जाते, तो वेगळा विषय. पण चढाला चाक जागच्या जागी गरगरणं, वळणावर मागचा भाग बाहेर फेकला जाणं, मोरीवरून जाताना शेपूट हलणं, हे सगळं रिकाम्या गाडीचं दुखणं आहे. कारण साधं आहे. इंजिन पुढे, गिअरबॉक्स पुढे, केबिन पुढे, ड्रायव्हर आणि त्याचा जोडीदार पुढे. मागे काय? रिकामा हौदा. आणि गाडी ढकलायचं काम कुणाकडे? मागच्या चाकांकडे. ज्या चाकांनी गाडी ढकलायची त्यांच्यावरच वजन नाही. कॅम्परसारख्या काही गाड्यांत चारही चाकांना ताकद देता येते, पण माल वाहणाऱ्या आपल्या बहुतेक पिकअपना ती सोय नसते.

हिशेब करा. टोमॅटोचा एक क्रेट वीस किलोचा. पंचाहत्तर क्रेट लावले की दीड टन झाला, आणि त्यातला बहुतेक भार मागच्या चाकांवर येतो. टायर रस्त्याला नुसता टेकलेला नसतो, दाबलेला असतो. हाच माल वाशी मार्केटला रात्री उतरला, पट्टी घेतली, चहा झाला, आणि गाडी मुरबाडवरून परत निघाली. मोरोशी सोडली की माळशेजचा चढ सुरू. जुलैचा महिना, धुकं, कड्यावरून रस्त्यावर येणारं पाणी, ड्रायव्हर रात्रभर जागा, आणि हौदा रिकामा. जाताना लोक जपून जातात, कारण माल आहे. येताना मोकळेपणाने येतात, कारण माल नाही. पुन्हा सांगतो, माल नाही म्हणूनच जपायचं.

मग उपाय काय? वजन ठेवा. युरियाच्या रिकाम्या गोण्यांत वाळू भरा, तोंडं शिवा, आणि एकूण शे-दीडशे किलो होईल एवढ्या गोण्या हौद्यात टाका. कुठे टाकायच्या याला फार महत्त्व आहे. फाळक्याजवळ नाही. मागच्या आसाच्या बरोबर वर, किंवा त्याच्या हातभर पुढे. हौद्याच्या बाहेरून मागचं चाक दिसतं ना, त्याच्या मध्यावर आत खूण करून ठेवा. वजन आसाच्या फार मागे गेलं की गाडीचं तोंड उचलतं, स्टिअरिंग हलकं पडतं, आणि मग मागची चाकं धरतात पण पुढची वळत नाहीत. आणि गोण्या दोरीने आवळून बांधा. सुटी गोणी जोराच्या ब्रेकला केबिनवर येऊन आदळते. दगड टाकू नका, लोखंडी तुकडे टाकू नका. वाळूचा आणखी एक उपयोग आहे, गाडी रुतली तर तीच ओंजळभर चाकाखाली टाकता येते.

इथे मला थोडं रागावायचं आहे. वजन हवं म्हणून माणसं उभी करतात. चढाला गाडी फिरायला लागली की दोघं-तिघं पोरं फाळक्यावर चढतात, हौद्याच्या कडेला धरून उड्या मारतात. पोखरी घाटात, आहुप्याच्या रस्त्याला हे सर्रास दिसतं. अहो, चाकाने एकदम पकड घेतली की गाडी हिसका देते आणि फाळक्यावरचं पोर मागे रस्त्यावर पडतं. वाळूची गोणी पडली तर वाळू सांडेल. माणसाला वजन म्हणून वापरू नका.

आता टायर. हा माझा जिव्हाळ्याचा विषय आहे, इथे जरा थांबतो.

गाडी एवढी मोठी, पण रस्त्याला लागतो तो प्रत्येक टायरचा तळहाताएवढा तुकडा. मागे दोन टायर, म्हणजे दोन तळहात. दीड टन माल, घाटाचा चढ, पावसाचं पाणी, सगळा व्यवहार त्या दोन तळहातांवर चालतो. तो तुकडा कमी-जास्त होतो कशाने? हवेने. माल भरताना मागच्या टायरला साठ-पासष्ट पौंड हवा मारतात, आणि भारासाठी ती लागतेच. पण गाडी रिकामी झाली तरी हवा तीच. मग टायर पिंपासारखा फुगलेला राहतो, फक्त मधली पट्टी रस्त्याला लागते आणि दोन्ही कडा अधांतरी. टायर मधोमध झिजलेला आणि कडेला नवा दिसला की समजा, ही गाडी जास्त हवेवर रिकामी फिरते.

दाराच्या चौकटीवर किंवा गाडीच्या पुस्तकात कंपनीने हवेचे आकडे दिलेले असतात, बऱ्याच गाड्यांत भरलेलीचा वेगळा आणि रिकामीचा वेगळा. दार रोज उघडता, तो कागद एकदा वाचा. दोन-तीन दिवस माल नाही, वाडीवर नुसत्या फेऱ्या आहेत, तर हवा रिकाम्याच्या आकड्यावर आणा. माल भरायच्या आधी पुन्हा वाढवा, हे विसरू नका. कमी हवेवर भार टाकला की टायरची कड तापते आणि फुटते. हवा टायर थंड असताना मोजायची. शंभर रुपयांचं नाही, जरा बरं मीटर घ्या आणि केबिनमध्ये ठेवा.

आता नक्षी. टायरच्या खोबणी कशाला असतात? खालचं पाणी बाजूला फेकायला. खोबण उथळ झाली की पाणी बाहेर जात नाही, टायर आणि डांबर यांच्यामध्ये पाण्याचा थर राहतो आणि गाडी त्या थरावरून सरकते. खोबणीच्या तळाशी बघा, ठरावीक अंतरावर रबराचे आडवे उंचवटे असतात. ते सापडत नसतील तर टायरच्या कडेला लहान त्रिकोण किंवा टीडब्ल्यूआय ही अक्षरं शोधा, त्याच्या सरळ रेषेत उंचवटा सापडतो. नक्षी त्या उंचवट्याला भिडली, म्हणजे १.६ मिलिमीटर उरली, की कायद्याने टायर संपला. पावसाळ्यासाठी मी तर म्हणेन त्याच्या बऱ्याच आधी संपला. जूनमध्ये गोटा टायर घालून घाट चढू नका. ऊस-कांद्याच्या शेतातून वाट काढायला जाड नक्षीचा टायर लागतो हे खरं, पण तोच टायर ओल्या गुळगुळीत डांबरावर तितका धरत नाही, हेही ध्यानात असू द्या.

टायरच्या कडेलाच चार आकडे कोरलेले असतात, एका छोट्या चौकटीत. २३१९ असं असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. नक्षी शाबूत दिसते, पण रबर जुनं झालं की टणक होतं, आणि टणक रबर ओल्या रस्त्याला चिकटत नाही. जुना टायर स्वस्तात घेताना नक्षी सगळे बघतात, हे चार आकडे कुणी बघत नाही. नख लावून बघा. कडेला बारीक भेगा दिसतात का बघा.

आणि आता तो प्रश्न, ज्यावर प्रत्येक टायरच्या दुकानात वाद होतो. दोनच नवे टायर घेतले, तर पुढे घालायचे की मागे? आपल्याकडे सरसकट पुढे घालतात. कारण सांगतात, पुढचा फुटला तर स्टिअरिंग हातातून जातं. ही भीती खोटी नाही, म्हणून पुढे फाटका टायर ठेवा असं मी कधीच म्हणणार नाही. चारही टायर धडके हवेत. पण चारही धडके असून दोन जास्त नक्षीचे असतील तर ते मागे घाला. पुढचं चाक घसरलं तर गाडी सरळ जायला बघते, तुम्हाला स्टिअरिंगवर ते जाणवतं, पाय काढला की पकड परत येते. मागचं घसरलं तर गाडी फिरते, आणि फिरलेली पिकअप सावरणं ओल्या घाटात फार थोड्यांना जमतं. आणि आपल्या गाडीला ढकलायचं कामही मागच्याच चाकांना. म्हणून जास्त नक्षी मागे. रिमोल्ड टायर बरेच जण वापरतात. चांगल्या ठिकाणी केलेला असेल तर त्याला नाव ठेवण्याचं कारण नाही, पण मागच्या एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला रिमोल्ड असं करू नका. जोडी एकसारखी ठेवा.

टायरनंतर मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांबद्दल बोलल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. गाडी नवी घेतली की पहिल्या महिन्यात जादा पाटा टाकून घ्यायचा, ही आपल्याकडे रीतच झाली आहे. का? कंपनीने दिलेल्या वजनापेक्षा जास्त माल भरायचा म्हणून. भरलेली असताना गाडी दबत नाही, मालक खूश. पण हीच गाडी रिकामी परत येते तेव्हा मागचे पाटे इतके ताठ असतात की खड्ड्यावरून चाक उडतं. उडालेल्या चाकाला पकड कसली? रस्त्यावर परत आपटेपर्यंत ते हवेतच फिरतं, आणि आपटतं तेव्हा वळण आलेलं असतं. बऱ्याच गाड्यांत मागच्या आसाला एक दांडा जोडलेला असतो. गाडी किती दबली यावरून मागच्या ब्रेकचा जोर तो कमी-जास्त करतो. जादा पाट्याने गाडी दबायचीच थांबली, की तो दांडा भरलेल्या गाडीलाही रिकामी समजतो. काही जण तर तो दांडा काढूनच टाकतात. मग रिकाम्या गाडीचे मागचे ब्रेक जोरात लागू शकतात, चाकं अडतात आणि शेपूट फिरते. मालकांना माझं कळकळीचं सांगणं आहे, दहा क्रेट कमी भरा पण पाट्यांना हात लावू नका.

रस्त्यावर काय असतं, तेही बघायला शिका. मृगाचा पहिला पाऊस सगळ्यात वाईट. उन्हाळाभर साचलेली धूळ, गळलेलं ऑइल आणि टायरचं झिजलेलं रबर मिळून डांबरावर बुळबुळीत लेप तयार होतो. एक-दोन दणक्याचे पाऊस झाले की तो धुऊन जातो. पहिल्या सरीत तासभर थांबता आलं तर थांबा. घाटात झाडांच्या सावलीत शेवाळ, पुलावरच्या लोखंडी पट्ट्या, रस्त्यावर मारलेले पांढरे पट्टे, या सगळ्यांवर ओल्यात चाक सुटतं. भाव पडला की मार्केटच्या बाहेर रस्त्यावर टोमॅटो ओतला जातो. त्यामागचं दुःख मला कळतं, आपल्याच घरचा माल आहे. पण त्या लगद्यावर दुचाकीवाला पडतो, तोही कुणा शेतकऱ्याचाच मुलगा असतो. कडेला ओता. आणि डिंभ्याच्या वरच्या भागातल्या मंडळींना विनंती, आवणीच्या दिवसांत पॉवर टिलर आणि ट्रॅक्टर खाचरातून थेट डांबरावर आणता, रस्त्यावर चिखलाचे गोळे पडतात. श्रावणात त्याच रस्त्याने भीमाशंकरची गर्दी जाते. बांधावर दोन मिनिटं थांबून खोऱ्याने चाकं खरवडा.

आता पायाचं काम. वेळ कमी उरला आहे, म्हणून भरभर सांगतो. रिकामी गाडी ओल्यात पहिल्या गिअरवर झटक्यात उचलू नका. सपाटीला दुसऱ्यावर उचला, क्लच हळू सोडा. पहिल्या गिअरला डिझेल इंजिनचा जोर इतका असतो की चाक पकड घेण्याआधीच फिरतं. उतारावर गिअर वळणाच्या आधी कमी करा, वळणात नाही. वळणात गिअर कमी केला की इंजिनचा सगळा अडसर मागच्या चाकांवर येतो आणि ती फरफटतात. शेपूट फिरलीच तर ब्रेक दाबू नका. ऍक्सिलरेटरवरचा पाय काढा, आणि गाडीचा मागचा भाग ज्या बाजूला जातोय त्याच बाजूला स्टिअरिंग हळू वळवा. नव्या गाडीत एबीएस आहे म्हणून निर्धास्त राहू नका. ते ब्रेक लावताना चाक अडू देत नाही, पण ऍक्सिलरेटर दाबल्यावर चाक गरगरायचं ते काही थांबवत नाही.

गाडी शेताच्या वाटेवर रुतली, की एकच चाक फिरतं आणि दुसरं गप्प बसतं. मागच्या आसातला डिफरन्शियल सगळी फिरकी मोकळ्या चाकाला देतो. जितका ऍक्सिलरेटर दाबाल तितकं तेच चाक खाली खोदत जाईल. आधी थांबा. चाकापुढचा चिखल खोऱ्याने काढा, वाळू नाहीतर पाचट, पोतं खाली सारा. हँडब्रेक मागच्या चाकांवर असेल तर दोन-तीन दात ओढा आणि दुसऱ्या गिअरवर अगदी हळू घ्या. फिरणाऱ्या चाकाला थोडा अडसर झाला की दुसऱ्यालाही काम मिळतं. बाहेर पडताक्षणी हँडब्रेक पूर्ण सोडा.

साखळी आणि दोराने ओढण्याबद्दलही सांगायचं होतं, पण इथून खूण झाली आहे, वेळ संपला. एवढंच सांगतो: रुतलेली गाडी ढकलताना मागच्या चाकाच्या पाठीमागे कुणीही उभं राहू नका. पोतं, दगड, फळी, जे चाकाखाली घातलं असेल ते गोळीसारखं मागे येतं. फाळक्याच्या मध्यावर नाहीतर बाजूने ढकला, आणि पोरांना लांब उभं करा.