सेलेमच्या दप्तरांतील एक नांव

अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर १६२६ सालीं वसलेलें सेलेम जगास ठाऊक झालें तें १६९२ च्या चेटुकाच्या खटल्यांमुळें. आरोपीची छायामूर्ति आपणांस छळते, असें कोणी शपथेवर सांगितलें कीं न्यायासनास तेवढा पुरावा पुरे होई! विपरीत असें कीं, गुन्हा कबूल करणारे बहुतेक वांचले. निर्दोष असल्याचें अखेरपर्यंत सांगणारे १९ जण फांसावर चढले. जाइल्स कोरी या वृद्धानें न्यायालयास दादच दिली नाहीं, तेव्हां अंगावर दगड रचून त्याचा प्राण घेण्यांत आला.

न्यायाधीशांपैकीं सॅम्युएल स्यूअल यांनीं १६९७ सालीं बोस्टनच्या चर्चमध्यें भर सभेंत उभें राहून दोष पदरीं घेतला. १७११ सालीं अनेकांचा कलंक पुसला गेला, वारसांस भरपाई मिळाली.

पुढें सुमात्र्याच्या मिऱ्यांनीं सेलेमचे व्यापारी गबर झाले. मुंबईच्या अमेरिकन मराठी मिशनांत काम केलेले सॅम्युएल न्यूएल १८१२ सालीं याच बंदरांतून निघाले. अँडोव्हरची एलिझाबेथ जॉन्सन मात्र दप्तरीं दोषीच राहिली. फांशीची शिक्षा होऊनहि ती वांचली होती. पण तिच्यासाठीं भांडणारे वंशज नव्हते. अखेर शाळेच्या आठवींतील मुलांनीं तिची बाजू उचलली, आणि २०२२ सालीं कायद्यानें ती निर्दोष ठरली.